गाडी माझ्या नावावर

२१ फेब्रुवारी १९९७, शुक्र. रोल्ला
हे व्हॅन घेणार. साधी नव्हे. आत पलंग, सिंक, शेगडी असलेली, वापरलेली, थेट जर्मनीहून, जहाजावर चढवलीसुद्धा. यांच्या ऑफिसातला जर्मन साहेब मायदेशी गेला, त्याच्या मेव्हण्याची आहे म्हणे. दर शुक्रवारी खोरफक्कानला समुद्रावर न्यायची, इथे आखातातल्या साहेबलोकांसारखी. घरातला नळ दीड महिना गळतोय, त्याला सवड नाही. चाकांवरचं सिंक मात्र हवं.
केतकी गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, "डॅडी, वुई ऑलरेडी हॅव अ हाउस." मुलगी माझी आहे.

२६ फेब्रु., बुध.
सांगलीच्या गुरुजींचा फॅक्स. यांची रास मीन, साडेसाती चालू, वाहन स्वतःच्या नावावर नको, पत्नीच्या घ्यावं. इंजिनियर माणूस. पुलांची गणितं करतो. फॅक्स देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं! मग मला, "तुझ्या नावावर घेतोय हं." जणू हिऱ्याच्या कुड्या देतायत.
ड्रॉवरमधलं लायसन्स काढून पाहिलं. पाचव्या टेस्टला मिळालेलं. नवऱ्याची एनओसी, 'माझी हरकत नाही' म्हणून, लागत होती, ते एक पत्र द्यायला यांनी तीन महिने लावले. विचारलं की पेपर खाली न करता "बघू." आणि मिळाल्यावर दोन वर्षांत स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. फोटोत मी किती खूश दिसते. राग आला. अजून येतोय.

८ मार्च, शनि.
व्हॅन परवा पोर्टात उतरली. क्लिअरिंग इक्बालभाईंकडे, खेडचे, सज्जन माणूस. आज सगळे कागद तयार. तर हे म्हणाले, शनिवारी लोखंड घरी आणायचं नाही. इक्बालभाईंचा मला फोन. "वहिनी, तुम्हीच सांगा साहेबांना. गाडी तिथं उन्हात उभी, पोर्टाचं भाडं चढतंय फुकट."
सांगितलं. "तुला यातलं कळत नाही."
बरं.

९ मार्च, रवि.
मालक मी, म्हणून प्रत्येक सहीला मी हजर. कस्टम्सच्या काउंटरला हे सवयीने पुढे घुसले. आतल्या अरबाने कागदावरचं नाव पाहिलं, मग यांच्याकडे. "वेन मदाम?" मॅडम कुठे म्हणून. हे बाजूला सरकले. मी पुढे.
इतकं बरं वाटलं की लाज वाटली. छे, लाज वगैरे काही वाटली नाही.

१६ मार्च, रवि.
टेस्टिंगला गाडी नापास. इन्स्पेक्टरने मागचं दार उघडून आत पाहिलं. "ये गाडी है या घर?" यांनी इंग्रजीत भाषण सुरू केलं, युरोपात म्हणे सगळे अशाच गाड्यांतून... त्याने दार लावून टाकलं. "खलास. गॅस सिलिंडर निकालो, फिर आओ."
सकाळी नारळ फोडून, पुढच्या काचेला लिंबू-मिरच्या बांधून नेली होती. लिंबूही काढायला लावलं, समोरचं दिसत नाही म्हणून. ते हातात धरून हे घरी आले. वाटेत एक अक्षर नाही. सुखाचा प्रवास.

२० मार्च, गुरु.
हे हाफ डे घेऊन रास अल खोरच्या वर्कशॉपात. आम्हीही. सिलिंडर निघाला. मेकॅनिकशी यांची हुज्जत चालू असताना मी ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसले. उंच आहे. पाय पोचतात. सगळं लांबपर्यंत दिसतं.
"काही दाबू नकोस!" बाहेरून.
केतकी म्हणाली, "मॉम, यू लुक नाइस देअर."
हवी आहे मला ही. चालवायची आहे. कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून इथे.

२५ मार्च, मंगळ.
टेस्टिंग काल पास. आता इन्शुरन्स, त्याशिवाय नंबर नाही. दोन कंपन्यांनी असली गाडी नको म्हणून परत पाठवलं. तिसरीकडे एक मल्याळी क्लार्क, जाड चष्मा, शांत. यांचे कागद चाळले. दोन वर्षांत दोन ॲक्सिडेंट, दोन्ही वेळा यांनीच पुढच्या गाडीला मागून ठोकलेलं. (घरी सांगतात, त्याने अचानक ब्रेक मारला.)
"सर का नाम ड्रायव्हर में नहीं डाल सकते. मॅडम का रेकॉर्ड एकदम क्लीन है."
क्लीन असणारच. ड्रॉवरमध्ये कोण ठोकणार?
"पण चालवणार मी!" हे आधी मराठीत ओरडले, मग हिंदीत. क्लार्क ढिम्म. "ओनर एनओसी लेटर देगा तो मॅनेजर को पूछेगा, सर. इन्शाल्ला."
पॉलिसी झाली. ड्रायव्हरच्या रकान्यात एकच नाव.

२७ मार्च, गुरु.
नंबर प्लेट लागली. मुल्कियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीकार्डावर, मालकाचं नाव अरबीत. मला येत नाही, केतकी शाळेत शिकते, तिने बोट ठेवून वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.
संध्याकाळच्या चहाबरोबर यांनी एक कागद पुढे सरकवला. ऑफिसातून टाइप करून आणलेला. मालक या नात्याने, माझ्या पतीने सदर वाहन चालवण्यास माझी हरकत नाही, इत्यादी. खाली सहीपुरती जागा. "कर पटकन. शनिवारी सकाळी क्लार्ककडे नेऊन देतो." शनिवार चालतो वाटतं आता.
पेपर वाचत होते मी. खाली न करता म्हटलं, "बघू."
हे चहा अर्धा टाकून उठले. कागद टेबलावर, वर साखरेचा डबा ठेवलाय उडू नये म्हणून. किल्ली माझ्या पर्समध्ये. उद्या शुक्रवार, सकाळी रस्ते रिकामे असतात. केतकीला सांगितलंय सहाला उठ. का ते नाही सांगितलं, कारण माझंच अजून...
पहिला गिअर वर की खाली, तेवढं आठवायला हवं.