नगेटचं काय करू?

डार्सी बाळा,

तुझा नगेट वर्षाचा झाला. डबो शहरातली जनावरांची डॉक्टर म्हणते, एवढ्याशा कुत्र्याला आता खच्ची करून टाका. कुत्रीच्या वासावर तो सारखा हमरस्त्यावर पळतो. त्याच रस्त्यावर, जिथे तू गेलास.

बाबा ऐकत नाहीत. क्रिकेटच्या गप्पा मारत शेकडो कोकरांना खच्ची करायला रबरी कडी चढवणारा माणूस! आज मी नगेटला गाडीत घातलं, तर त्यांनी किल्लीच खिशात टाकली. "कुत्रा डार्सीचा आहे. त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

मी ओरडले, "मग जा, विचारा!"

ते खरंच गेले रे. सकाळपासून नगेटला मांडीवर घेऊन तुझ्या थडग्यापाशी बसलेत.

काहीतरी सांग त्यांना, म्हणजे घरी येतील.

तुझी,
आई