पिंगळीच्या घरातला मोकळा चौक

वसीयतनामा लिहून देणार बायनाबाई बेवा बन्सीधर, धंदा शेती, राहणार मौजे पिंगळी, तालुका व जिल्हा परभणी. माझे होशहवास शाबूत आहेत. ते गेलेत असे गावभर सांगणारे दोघे, दीर भुजंग आणि पोटचा मुलगा चंद्रभान, यांच्यासाठीच हा कागद करते. दिनकरराव, मी बोलते ते सगळं लिहा, गाळू नका.

कलम पहिले. हे घर धनी गेल्यावर मी स्वतः उभे केले. लिंबाजी गवंडी भिंतीभिंतीत कोनाडे अन् खांबांवर मोर काढायचे म्हणत होता. मी म्हटलं, "काय बी नको. चौक मोकळा ठेव, समोरची भिंत कोरी ठेव." तो म्हणाला, "बाई, लोक म्हणतील पैसा सरला." म्हणू देत! कपाळाला कुंकवाचं एक बोट शोभतं. मळवट भरला की पोतराज. तुळस परसात आहे, तिचं काही अडलं नाही. त्या कोऱ्या भिंतीवर सकाळचं ऊन उतरतं, ते बघत मी म्हातारी झाले.

कलम दुसरे. मी गंगाखेडला गंगेवर गेले असता भुजंगाने त्याच भिंतीत पागोटे टांगायला खुंटी ठोकली. माझ्या मागे ती खुंटी उपटून त्याच्या हवाली करावी. माझ्या इस्टेटीतून त्याला एवढेच. भोक लिंबाजीने बुजवावे.

कलम तिसरे. रेल्वेलगतचे शेत, बैल, औते आणि चौकाभोवतीच्या सगळ्या खोल्या चंद्रभानच्या. पोटचा हाय, काय करता!

कलम चौथे. चंद्रभानने सागाच्या तुळया आणून चौकात टाकल्या आहेत. तिथे दोन खणांची खोली काढून दुसरी बायको आणायची म्हणतो. का, तर पहिलीला, कस्तुराबाईला, मूल न्हाई. भुजंगाने कान भरले, "जागा बी रिकामी अन् सून बी रिकामी." माझ्या ओसरीवर बसून, तिच्याच हातची भाकर खाऊन बोलला. मेल्याच्या जिभेला हाड न्हाई. पोरगी आत पीठ मळत होती, तिनं सगळं ऐकलं. लय राग आला मला, अजून उतरला नाही.

म्हणून तो चौक, सारवलेल्या भुईपासून वरच्या आभाळापर्यंत, आणि समोरची कोरी भिंत, माझी सून कस्तुराबाई हिला पूर्ण मालकीने देते. तिच्या मर्जीशिवाय तिथे कोणी खांब, भिंत, छप्पर उभारू नये. तुळया आठ दिवसांत उचलाव्यात. घरातले प्रत्येक दार चौकातच उघडते, बाहेरून आत यायचे वेशीकडचेसुद्धा. चंद्रभानने दुसरी खुशाल आणावी, उंबऱ्यापर्यंत आणावी. पुढचे पाऊल कस्तुराबाईला विचारून टाकावे.

साक्षीदार: लिंबाजी गवंडी, निशाणी थापी. आसाराम, शेजारी, निशाणी नांगर.

मौजे पिंगळी, फाल्गुन वद्य पंचमी, फसली सन १३५०. दस्तुर दिनकरराव.

बायनाबाई हिची निशाणी बांगडी: ◯

अवो दिनकरराव, बांगडीत माझं नाव कशाला भरायलाव? बाहेर लिहा. आतली जागा ऱ्हाऊ द्या तशीच.