उंच गाडीचे रबरी बूट

प्रिय ब्रॉनविन,

तुझं पत्र मिळालं. गाडी तीन इंच उचलून घेतलीस आणि आता पुढच्या ॲक्सलच्या सांध्यांवर चढवलेल्या रबरी बुटांची काळजी कशी घ्यायची, असं विचारतेस. नीट सांगतो. गाडी उंच केली की ॲक्सल तिरका बसतो, बुटाच्या घड्या एका बाजूला आवळतात आणि एकमेकींवर घासतात. रबर तिथेच चिरतं. दर आठवड्याला चाक पूर्ण वळव, गाडीखाली आडवी हो आणि प्रत्येक घडी बोटांनी उघडून बघ. चिखल साबणाच्या पाण्याने धू. डिझेलने पुसू नकोस, रबर फुगतं. वरून सिलिकॉनचा हात दे. चाकाच्या आतल्या अंगाला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटला म्हणून समज. मग ग्रीस बाहेर येतं, रेती आत जाते आणि सांधा स्वतःलाच खात सुटतो.

तुझ्या बाबाला हे सगळं येत होतं, पण गाडीखाली शिरणं त्याला कमीपणाचं वाटे. ते काम माझं. रसेल माझा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा, आणि त्याचा हात फार चालायचा. माझे दोन दात त्याने पाडले. तू चार वर्षांची असताना तुझ्या आईचं मनगट मोडलं, ते घोड्यावरून पडून नव्हे. त्याच माणसाने मला पुरातून केसांना धरून ओढून काढलं होतं. दोन्ही खरं आहे.

तो गेला त्या वर्षी ऑगस्टमध्ये रानडुकरं आमची कोकरं फाडत होती. एका सकाळी शेडमध्ये येऊन रसेलने विचारलं, "फाटक कुणी उघडं टाकलं?" मी म्हणालो, "काल तूच शेवटचा आलास." एवढंच. त्याने चाकाचा पाना उचलला आणि माझ्या बरगड्यांवर हाणला, मी खाली पडल्यावर आणखी दोनदा. मग पाना जागेवर ठेवला आणि चहा प्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा गाडीखाली शिरलो. श्वास घेतला तरी कळ येत होती. डाव्या चाकामागे ग्रीस उडालेलं होतं, बूट दोन बोटं फाटला होता. नवा बूट फळीवर होता, एका दुपारचं काम. व्हरांड्यातून त्याने विचारलं, "खाली सगळं ठीक?" मी म्हणालो, "ठीक." दूर कुठेतरी गाडी मोडावी, वीस मैल उन्हात त्याने पायपीट करावी, घसा कोरडा पडावा, एवढंच माझ्या मनात होतं. खरंच एवढंच होतं.

तीन आठवड्यांनी शिकारीला निघताना तो म्हणाला, "चल, कुत्री सांभाळ." नाही म्हणायची माझी छाती नव्हती. वळणावर चाकातून टकटक येऊ लागली. "काय वाजतंय रे?" "दगड अडकला असेल," मी म्हणालो.

डुक्कर झुडपांतून सरळ आलं. टिली कुत्रीचं पोट त्याने एका हिसक्यात उघडं केलं. ती किंचाळली तसा रसेल सुरा घेऊन धावला, आणि सुळा त्याच्या मांडीत घुसून वर फाडत गेला. मी तीन गोळ्या झाडल्या, तेव्हा ते पडलं, रसेलच्याच अंगावर. मी मांडीला पट्टा आवळला. पट्ट्याखालून रक्त झिरपतच राहिलं. त्याला गाडीत घालून मी निघालो. कोरड्या नदीच्या पात्रात चाक वळवून जोर दिला आणि पुढे मोठा आवाज झाला. डावा सांधा तुटला. मागची चाकं रुतून गाडी रेतीत पोटाला टेकली. रेडिओवर कुणी उत्तर देईना. मी हातांनी रेती उपसत राहिलो, नखं निघेपर्यंत.

तो शुद्धीवर होता. "बूट बघितले होतेस ना?" त्याने विचारलं. मी मानेनेच हो म्हटलं. "मग नशीब," तो म्हणाला. माझा शर्ट त्याने मुठीत धरला होता. सूर्य डोक्यावर यायच्या आत ती मूठ सुटली.

डुकराने मारलं, असं कागदावर लिहिलं गेलं, आणि मी ते तसंच राहू दिलं. त्यानंतर सोळा वर्षं तू मला बाबाच्या जागी मानलंस. मी गप्प राहून ते घेत गेलो. पण तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की लग्नाच्या दिवशी, बाबाने चालायचं तसं, तुझा हात धरून चर्चमध्ये मी चालावं. हे मात्र मला गप्प राहून घेववत नाही. काल तुझ्या आईला समोर बसून सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. उठताना म्हणाली, "मला नको विचारूस क्लाइव्ह. ब्रॉनला लिही, तिला ठरवू दे." म्हणून हे पत्र. तू हो म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तर का, ते विचारणार नाही, आणि त्या दिवशी चर्चच्या आसपासही फिरकणार नाही.

काहीही ठरवलंस तरी तुझाच,
क्लाइव्हकाका