कॅमेऱ्याचं मागचं झाकण

दादा,

"तुला त्यातलं काय कळतं," म्हणत बाबा गेल्यावर त्यांचा चांगला तेवढा कॅमेरा तू विकायला उचललास. दुकानदाराने मॉडेल ओळखलं, पण भिंगाला बुरशी म्हणून शोभेच्या वस्तूची किंमत सांगितली. "आतून तरी बघा," म्हणत तू भर उजेडात मागचं झाकण उघडलंस. आतली फिल्म गेली.

फिल्म पुढे सरकवायची कळ ओढताना वरचं चाकही फिरलं तर आत फिल्म असते, हे बाबांनी मला शिकवलं होतं. मी सकाळीच कळ ओढून पाहिली होती, चाक फिरलं होतं. दुकानात गप्प राहिले.

आईचे शेवटचे फोटो होते ते. बाबा काढत होते, मी तिला टेकू देऊन बसवलं होतं. ती दाराकडेच बघत होती, तू येशील म्हणून.

काल फोनवर तिचा शेवटचा फोटो मागितलास. शोधते म्हटलं. हे पत्र टाकणार नाही. तू मागत राहा.

तुझीच,
धाकटी