निघालेली बॅग

कार्तिक १, गुरुवार
दशैं संपला, आमचा पंधरा दिवसांचा दसरा. वजनाच्या काट्यावर उभी राहिले आणि लगेच उतरले. काटा जुना आहे.

आजपासून नवं आयुष्य. मला नोकरी लागली आहे. म्हणजे जवळजवळ.

काल लाजिम्पाटला माझ्या मितिनीच्या, म्हणजे केशरीच्या, ऑफिसात गेले होते. तिची टूर कंपनी आता इतकी मोठी झालीय की चहासुद्धा काचेच्या किटलीत, आत फूल घालून येतो. मी सरळ सांगितलं, तुमच्या लक्झरी पाहुण्यांबरोबर एखादी घरंदाज, नीट इंग्रजी बोलणारी बाई हवी. हल्लीचे गाइड 'व्हेरी ओल्ड टेम्पल'च्या पुढे जात नाहीत. मितिनी बराच वेळ किटलीतल्या फुलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं मितिनी, एक टूर करून तर बघा, मग पुढचं बघू.

म्हणजे ठरलंच. मितिनी मला 'नाही' म्हणू शकत नाही. केशरी तुलाधर ही असन बाजारातल्या व्यापाऱ्याची मुलगी, मी, अंबिका, एका मेजरची. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात दोघींच्या खाटा शेजारी. एका सुटीत तिच्या आजीने आमच्या हातांत सुपारी, नाणं आणि चोळीचं कापड ठेवलं, एकमेकींना द्यायला लावलं, आणि आम्ही मितिनी झालो, शपथेच्या मैत्रिणी. त्या दिवसापासून अहो-जाहो. कडू बोलायचं नाही, भांडायचं नाही, मितिनीने काही पुढे केलं तर परत लोटायचं नाही. सिस्टर इमेल्दाला कळलं तेव्हा ती म्हणाली, असल्या शपथा फक्त नन्स आणि नवऱ्या मुली घेतात. आम्हाला ती शाबासकी वाटली.

अजून रोज सकाळी तिचा फोन येतो. काम काही नसतं. मी हॅलो म्हटलं की दोन शब्द बोलून ठेवते. आजही आला. नोकरीबद्दल असणार असं वाटलं होतं. नव्हता.

संकल्प: रोज चालणे. गोड बंद. इथले जुने मल्ल राजे क्रमाने पाठ.

कार्तिक ३, शनिवार
लेकाचा, निर्भयचा, ब्रिस्बेनहून फोन. तुझा व्हिसा झालाय, पुढच्या महिन्याचं, मंसिरचं तिकीट काढतो, तिहारपर्यंत, दिवाळी संपायच्या आत, नक्की सांग म्हणाला. जायचं म्हणजे कायमचं.

मी म्हटलं, मला नोकरी लागतेय. म्हणाला, नोकरी? तुला? भारावला असावा. मग विचारलं, ममी, गुडघा कसा आहे? म्हटलं, कोणता? म्हणाला, काम हवंच असेल तर इथे तुझी नात आहे की. आणि तू एकटी राहतेस. गेल्या माघात बाथरूममध्ये पडलीस, केशरी आमा आल्या नसत्या तर?

पडले नव्हते. बसले होते. उठायला उशीर झाला, इतकंच.

ब्रिस्बेन छान आहे. एकदा राहून आलेय. कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा गाडी काढावी लागते आणि खिडकीतून हाक मारावी असं समोर कोणी नसतं. टूर चांगली झाली की मितिनी मला कायमची ठेवून घेईल आणि प्रश्न मिटेल. नोकरी करणाऱ्या आईला कोणी बॅगेत घालून नेत नाही.

चालणे: उद्यापासून. संध्याकाळी गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी. तिच्याशिवाय झोप नाही.
गोड बंद. (दोन सेलरोट्या खाल्ल्या. साखर असली तरी सेल गोडात धरत नाहीत.)

कार्तिक ६, मंगळवार
पाहुणे आले. डेन्मार्कचे ओल्सेन पती-पत्नी. साहेब ताडमाड उंच, बाई अबोल.

गाडीवर डम्बर. आमच्याकडे ड्रायव्हरला गुरुजी म्हणतात. जन्मभर शाळेत शिकवलं मी, पण गाडीत गुरुजी तो. मला मिस म्हणतो, तेवढं बरं आहे.

सकाळी पशुपती, नदीच्या अलीकडून, कारण आत परधर्मीयांना सोडत नाहीत. दुपारी पाटण. मल्ल राजे सुरू केले. मध्येच एक राजा निसटला म्हणून पहिल्यापासून पुन्हा घेतले. गुरुजी कानाशी येऊन म्हणाला, मिस, साहेबांना जांभया येतायत. त्याला सांगितलं, थंड देशांत लक्षपूर्वक ऐकण्याची तीच पद्धत आहे. मिसेस ओल्सेननी विचारलं, इथे कुठे नुसतं बसता येईल का? देवळाच्या पायरीवर बसवलं आणि उरलेले राजे बसून सांगितले.

पहिला दिवस उत्तम.

कार्तिक ७, बुधवार
आज मी टूर वाचवली.

उद्या चितवनला जायचं. चितवन दक्षिणेला, आणि उद्या गुरुवार! गुरुवारी दक्षिणेला कोणी निघतं का? मितिनीच्या ऑफिसातली पोरं सगळं कॉम्प्युटरवर बघतात, दिशाशूळ कुठून कळणार? वेळेवर माझ्या लक्षात आलं. मोठ्या हॉटेलांत ही सेवा मिळत नाही.

उपाय सोपा. आज सकाळी चांगली साइत होती, तिच्यावर प्रस्थान ठेवलं. ओल्सेनसाहेबांची मोठी बॅग हॉटेलातून काढली, तिला टीका, म्हणजे टिळा, लावला, झेंडूची माळ घातली, आणि बत्तिसपुतलीला आणून माझ्या घरासमोरच्या राममाया दिदींकडे ठेवली. सामान शुभ वेळेला निघालं की माणूस निघाल्यातच जमा. मग तो गुरुवारी जावो नाहीतर ग्रहणात. नियम एकच, निघालेलं सामान परत मागे आणायचं नाही. सकाळी जाताजाता गाडीत घ्यायचं.

साहेबांनी फोटो काढले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. धूप जरा जास्त झाला होता, पण पाणी आलं होतं हे खरं.

गुरुजी म्हणाला, मिस, उद्या ती बॅग विसरू नका म्हणजे मिळवली. मी म्हटलं, गुरुजी, मी शाळेत तीन पिढ्यांची हजेरी घेतलीय.

कार्तिक ८, गुरुवार
सकाळी वाटेत जंगलावरचं भाषण पाठ करत होते. मनाला एकाग्रता लागते, तिचा काही तोटाही असतो.

मलेखूला तळलेल्या माशांसाठी थांबलो. नदीवरून गार वारा. साहेबांनी स्वेटर मागितला. स्वेटर बॅगेत.

गुरुजीने गाडीचं मागचं दार उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं. मग म्हणाला, मिस, हजेरीत एक कमी आहे.

परत फिरू या म्हणाला. मी म्हटलं, खुळे आहात का? एवढं प्रस्थान ठेवून अर्ध्या वाटेतून तोंड फिरवायचं? राममाया दिदींना फोन लावला. त्या धरानच्या बसमध्ये, लेकीकडे निघालेल्या. घराला कुलूप, किल्ली कमरेला. म्हणाल्या, अगं, काळजी नको करू, बॅग अगदी सुखरूप आहे.

साहेबांनी विचारलं, बॅग निघाली होती ना? म्हटलं, कालच. मग आहे कुठे? म्हटलं, शुभ जागी. त्यांनी शर्टाची वरची बटणं लावली. मिसेस ओल्सेन मात्र हसायला लागल्या, डोळे पुसेपर्यंत. आल्यापासून पहिल्यांदा.

टूरला रंग चढतोय.

कार्तिक ९, शुक्रवार
जंगल लॉज फार उंची आहे. आंघोळीच्या टबात गुलाबाच्या पाकळ्या असतात. साहेबांना घालायला विजार नाही, हा अपवाद.

लॉजच्या मॅनेजरने आपले कपडे दिले. विजार पोटरीपर्यंत आली. सदरा पांढरा, आणि पांढरं घालून जंगलात जाऊ देत नाहीत, म्हणून वरून माझी शेवाळी शाल गुंडाळली. शालीत ते थेट आमच्या ह्यांच्यासारखे, कर्नलसाहेबांसारखे, दिसत होते, शेवटच्या आजारपणातल्या. मी दोनदा त्यांना विचारलं, औषध घेतलंत का? बिचारे हो म्हणाले.

गेंडा दिसला. मी त्याची माहिती सविस्तर सांगितली. त्याने पाठ फिरवली आणि सांगून होईपर्यंत तसाच उभा राहिला.

वाघही दिसला म्हणतात. मी तेव्हा डोळे मिटून निसर्गाचा आवाज ऐकत होते. गुरुजी म्हणतो, मिस, वाघ थांबला होता हो, तुमचं घोरणं ऐकून गेला. त्याला वाटलं असेल, जागा भरलेली आहे.

मी घोरत नाही. कर्नलसाहेब एकदाही तक्रार करत नसत. (कानाचं यंत्र काढून झोपायचे, ते वेगळं.)

संध्याकाळी मितिनीचा फोन. म्हणाली, मितिनी, फार दगदग होतेय ना तुम्हाला? केवढा जीव लावते!

कार्तिक ११, रविवार
पोखरा. काल रात्रीच जाहीर केलं होतं, पहाटे मी स्वतः हिमाल, बर्फाची शिखरं, दाखवणार. अंधारात सगळ्यांना उठवून टेकडीवर नेलं. गुडघा बोलत होता, त्याला बोलू दिलं.

धुकं. मग धुक्यात एक पांढरंशुभ्र शिखर उघडलं. मी म्हटलं, ते पाहा, अन्नपूर्णा साउथ! आणि तिची सगळी कहाणी सांगितली. साहेब शाल सावरून उभे, बाईंनी हात जोडले. मग अन्नपूर्णा साउथ हळूहळू डावीकडे सरकली आणि तळ्यावर निघून गेली.

गुरुजी म्हणाला, मिस, मंगळवारी परत येईल ती.

खरा हिमाल नाश्त्याच्या वेळी हॉटेलच्या खिडकीतून अख्खा दिसला. मी अंड्याची वाट बघत होते. मिसेस ओल्सेननी ओठांवर बोट ठेवलं, आणि कसं कोण जाणे, मी गप्प बसले. पंधरा-वीस मिनिटं तरी. सकाळच्या प्रार्थनेनंतर सिस्टर इमेल्दा आम्हाला अशीच गप्प बसवायची. केशरी टेबलाखालून माझा हात धरायची, म्हणजे मला हसू येऊ नये.

मितिनीचा फोन. म्हणाली, पाहुण्यांना शांतता फार आवडते असं ऐकलंय, हो ना? म्हटलं, हो, आज मीच त्यांना ती दाखवली.

कार्तिक १३, मंगळवार
ओल्सेन गेले. राममाया दिदी काल परतल्या होत्या, बॅग थेट एअरपोर्टवर नेऊन दिली. मागे आणली नाही, नियम पाळला. माळ वाळली होती. साहेबांनी ती काढली नाही, तशीच बॅग ढकलत गेले. शाल परत करत होते, मी राहू दे म्हटलं.

मिसेस ओल्सेननी मला मिठी मारली. बोलल्या काहीच नाहीत. चांगली बाई.

कार्तिक १४, बुधवार
मितिनीने पाहुण्यांचा अभिप्राय फोनवर वाचून दाखवला. ओल्सेनसाहेबांनी लिहिलंय, अंबिका बस्न्यात यांना आम्ही जन्मात विसरणार नाही. एवढंच वाक्य. एवढं पुरे!

मग म्हणाली, मितिनी, पुढच्या टूरला तुम्हाला इतका त्रास द्यायचा नाही असं ठरवलंय मी. म्हणजे हाताखाली मदतनीस देणार. मदतनीस गप्प राहणारी हवी, असं सुचवलं. मितिनी खोकली. म्हणाली, भाइटीकाच्या दिवशी, भाऊबीजेला, येते, समोरासमोर बोलू.

नेमणुकीचं पत्र असणार. निर्भयला मेसेज केला: तिकीट काढायची घाई नको.

संकल्प: नोकरी सुरू झाली की चालणे आपोआप होईल.

कार्तिक १८, रविवार. भाइटीका. संध्याकाळ
मितिनी दुपारी आली. निळी साडी, भावांनी लावलेला सप्तरंगी टीका, गळ्यात मखमली फुलांची माळ. सेलरोटी खाल्ली, चहा घेतला, माझ्या भिंतीवरची कर्नलसाहेबांची तसबीर सरळ केली. मी पत्राची वाट बघत होते. मग तिने विचारलं, मितिनी, तुमची मोठी बॅग कुठे असते?

मला वाटलं, पुढची टूर लांबची दिसते. पलंगाखालून काढून दिली.

ती खाली बसली आणि माझ्या साड्या घड्या करून बॅगेत घालू लागली. बोर्डिंगात घालायची तशाच, काठ आत. मग स्वेटर, पायमोजे, औषधांचा डबा, हाताला लागेल ते. मी म्हटलं, इतक्या कशाला? म्हणाली, ब्रिस्बेनला आता उन्हाळा असेल, पण घरात एसी असतो.

मी खुर्चीवर बसले.

तिने पर्समधून अबीर काढला, झेंडूची माळ काढली. म्हणाली, आज साइत चांगली आहे. ज्योतिषी जोशी बाजेंना विचारून आलेय. मंसिरपर्यंत बॅग माझ्याकडे राहील. टीका बॅगेच्या मधोमध लागायचा, तो मुठीला लागला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, मितिनी, मी रोज सकाळी तुम्हाला फोन लावते ना, तुम्ही उचलेपर्यंत माझ्या हातातला चहा गार होतो. माघापासून मी गरम चहा प्यायलेली नाही.

पन्नास वर्षांत तिने मला 'नाही' म्हटलेलं नाही. आजही म्हटलं नाही.

मी 'नाही' म्हणू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मितिनीने पुढे केलेलं परत लोटायचं नाही. नियम दोघींना आहे. तिच्या आजीने तो करताना माझ्यासारखीचा विचार केला नसावा. किंवा केला असेल.

तिला घेऊन आलेल्या गुरुजीने बॅग उचलून गाडीत ठेवली. जाताना मितिनी म्हणाली, तिथेही रोज करीन हं फोन. तुमच्या सकाळी. मी म्हटलं, तेव्हा तुमच्याकडे अंधार असेल. म्हणाली, असू दे, चहा तरी गरम मिळेल. मग आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता ते बिघडलं.

निर्भयला मेसेज केला: तिकीट काढ. निर्णय माझाच आहे. बराच आधी घेतला होता.

आता गुडघा ठणकतोय. पाणी गरम केलं आणि मग आठवलं, गरम पाण्याची पिशवी बॅगेत गेली. मितिनीचं लाजिम्पाट काही लांब नाही, टॅक्सीने जाऊन आणता येईल. पण निघालेलं सामान मागे आणत नाहीत.

त्याच पाण्याचा चहा केला. साखर घातली.