राजमती कुरुंदवाडला, मी ग्रीकमध्ये

राजारामपुरी, कोल्हापूर
जानेवारी १९७४

ती. तात्यासो दादांना आप्पासोचा जयजिनेंद्र. तुमची, वहिनींची आणि नव्या म्हशीची तब्येत उत्तम आहे असं धरून पुढं लिहितो.

तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची राजमती, गुडघ्याला हवापालट म्हणून तुमच्याकडं आली आहे असं तिनं सांगितलं असेल. गुडघा ठणठणीत आहे. (कुरुंदवाडची हवा गुडघ्याला मानवते असं मी तरी कुठं ऐकलेलं नाही.) खरं कारण ग्रीक भाषा.

आमच्या खताच्या दुकानावरच्या खोलीत पिराजी मास्तर भाड्यानं राहतात. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, बायबल मुळातून वाचायचं म्हणून तरुणपणी ग्रीक शिकलेले. त्यांच्या तानाबाई वारल्यापासून संध्याकाळी त्यांच्याशी बोलायला कुणी नाही. इकडं माझं कॉलेज वडील गेल्यावर अर्ध्यात सुटलं, त्याची रुखरुख अजून आहे. मास्तर म्हणाले, शिकवतो. मात्र बायबल बाजूला ठेवून त्यांनी तत्त्वज्ञानाचा एक जुनापुराणा ग्रंथ काढला. त्यात शहाणी माणसं जेवणावळीला जमतात आणि एकेक जण उठून प्रेमावर भाषण करतो. (आपल्याकडं जेवणावळीत माणसं फार तर आमटीवर बोलतात.)

पहिलं क्रियापद प्रेमाचंच निघालं. मी प्रेम करतो, तू करतोस, तो करतो, म्हणजे एरो, एरास, एरा. पाठ व्हावं म्हणून मी ते न्हाणीत मोठ्यानं म्हणायचो. शेजारच्या धोंडुबाईंनी राजमतीला बोलावून विचारलं, की ही एरा कोण. मी घाईघाईनं अर्थ सांगितला आणि तिथंच फसलो. राजमतीनं शांतपणे विचारलं, कुणावर? मी म्हणालो, कुणावर नाही, नुसत्या सरावासाठी.

यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भाकरी थापत राहिली आणि तव्याकडं बघत म्हणाली, "एवढ्या वर्सांत मराठीत तोंड उघडलं न्हाई तुमी. आता परक्या भाषंत सराव चाललाय व्हय." दुसऱ्या दिवशी तिचा गुडघा दुखायला लागला.

तेव्हापासून घरात डबे सापडतात पण कशात काय आहे ते कळत नाही. (चहात मी एकदा मीठ घातलं. प्यायलो, सांगायचं कुणाला?) रात्री दिवा मालवताना अजून दोघांपुरतं पाणी भरून ठेवतो आणि सकाळी एकाचं ओततो.

गेल्या आठवड्यात धड्यात 'पोथोस' असा शब्द आला. मला आधी खताचं पोतंच वाटलं. मास्तरांनी समजावलं, की समोर असलेल्या माणसाची ओढ वेगळी आणि समोर नसलेल्याची वेगळी, आणि या दुसरीला त्या लोकांनी हे नाव ठेवलंय. मी उदाहरण विचारलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "माझं उदाहरण आता कुठल्या गाडीनं येत न्हाई आप्पासो. तुमचं कुरुंदवाडात हाय की." आणि पुस्तक मिटलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी मी एसटीनं तुमच्या गावी आलो होतो. तुमच्या बोळाच्या तोंडापर्यंत पोचलोही. राजमती सोप्यात वहिनींबरोबर शेंगा फोडत होती आणि कशावर तरी खळखळून हसत होती. तसं ती आमच्याकडं कधी हसली होती ते मला आठवेना. म्हटलं, कशाला मोडता घालायचा. (नवी म्हैस मात्र मी पाहिली. चांगली आहे.) परतीच्या गाडीत शेजारच्या पावण्यांनी विचारलं, कुणाकडं गेलता? मी म्हणालो, उगीच, फिरायला.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
आप्पासो

ता. क. हे पत्र राजमतीला दाखवू नये.

ता. क. दुसरा. दाखवलंत तरी माझी हरकत नाही. जेवणं झाल्यावर चार माणसांत वाचलंत तरी चालेल.

ता. क. तिसरा, राजमतीस. येत्या गुरुवारी दुपारच्या गाडीनं येतोय. या खेपेला बोळातून परतणार नाही. तुझ्यावाचून मला करमत नाही. हे पोस्टातल्या बाकावर बसून, लोक बघत असताना लिहिलंय. यायचं नसेल तर येऊ नको. पण चहा वहिनींना करू देऊ नको, तूच कर.