काड्यापेटी लपवली त्याची हकीकत

तीर्थरूप धाकटेसाहेब यांस,

(धाकट्याला तीर्थरूप लिहीत नाहीत, एवढं चौथी शिकलेल्यालाही कळतं. पण बटण दाबून पाव भाजणाऱ्याला साहेब म्हणायचं ठरवलं, मग मागचं पुढचं सगळंच आलं.) थोरल्याचा आशीर्वाद घे. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण बरी नसती तर तुझ्या बायकोने कळवलं असतं, तिचं माझं भांडण नाही. तिचा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही गेले. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला लिहिली नाहीस, फिट्टंफाट झाली. आता लिहितो ते भांडण मिटवायला नव्हे. घरात मला काड्यापेटी देत नाहीत म्हणून लिहितो.

खरंच सांगतो. बेचाळीस वर्षं ज्याने बेकरीच्या भट्टीला आग घातली त्या माणसाच्या हाती घरातली काड्यापेटी देत नाहीत. पोरीने ती साखरेच्या डब्यामागे ठेवलीय. (मला जागा ठाऊक आहे. पण आपल्याच घरात चोरी करायची म्हणजे फारच झालं.) शनिवारपासून पोरगी आणि जावई स्वयंपाकघरात कुजबुजतात, आणि मी आत गेलो की एकदम पंखा किती आवाज करतो त्यावर बोलायला लागतात. पंखा बिचारा गप्प फिरत असतो. गुरुवारी मला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलंय. हे सगळं एका मांसाच्या तुकड्यापायी, ते कसं ते सांगतो, तुला वेळ आहे, तुझी भट्टी आपोआप चालते.

आमचे जावई चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना ‘आता दिसतंय? आणि आता?’ असं विचारतात, त्यामुळे घरीसुद्धा प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात. माणूस चांगला आहे, थोडा पाणचट. त्याला दोन वर्षांपासून मांस भाजण्याचा नाद लागलाय. इथे एका मोठ्या मैदानात त्याची स्पर्धा भरते. सत्तर मांडव, सत्तर चुली, आणि मधोमध स्टेज, त्यावर दिवसभर गाणीबजावणी. लोक तिकीट काढून धूर खायला येतात. आपण फुकट खाल्ला तो आपला मूर्खपणा. तर जावयाचा नंबर दोन्ही वर्षं खालून पहिला आला होता. यंदा तो माझ्या खोलीत येऊन खुर्चीच्या काठावर बसला आणि म्हणाला, ‘बाबा, आग तुम्ही सांभाळाल का? सांभाळाल ना?’ लग्नाला अकरा वर्षं झाली, माणसाने पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. मी म्हटलं, सांभाळतो, पण मला टोपी घालायला सांगू नका.

टोपी घातलीच. वर एप्रन, त्यावर ‘आगीचे राजे’ असं छापलेलं. ते माझ्याभोवती दोनदा गुंडाळलं तरी उरलं. शनिवारी सकाळी सहाला मैदानावर. जावयाची चूल म्हणजे पत्र्याचं पिंप, आडवं कापलेलं, वरच्या अर्ध्याचं झाकण केलेलं. त्यात एका बाजूला कोळसे, दुसऱ्या बाजूला मांस, झाकण लावायचं आणि आठ तास मंद धगीवर ठेवायचं. मांसात एक सुई खुपसलेली, ती सुई जावयाच्या फोनला आतली खबर देते. मांस म्हणजे खांद्याचा एक मोठा तुकडा. तो दोन दिवस मसाला लावून फ्रिजमध्ये निजवला होता, त्याच्यापायी घरातलं दूध बाहेर राहून नासलं. एवढे लाड पोरीचे मी बाळंतपणात केले नाहीत.

आमच्या एका बाजूला दातांचा डॉक्टर होता, त्याची चूल आगगाडीच्या इंजिनाएवढी, तिला चाकं होती, शिट्टी तेवढी नव्हती. दुसऱ्या बाजूला एक खाटीक. जाडा, शांत माणूस, चार विटा आणि एक जाळी घेऊन आलेला. मला बराच वेळ निरखून म्हणाला, ‘आजोबा, भट्टीवर होता का?’ मी म्हटलं कशावरून. म्हणाला, ‘भुवया नाहीत तुम्हाला.’ त्या अख्ख्या मैदानात डोळे असलेला माणूस तो एकच, चष्मेवाला आमच्या घरचा असून.

आग मी माझ्या पद्धतीने लावली. जावयाने रॉकेलची बाटली आणली होती, ती मी उचलून लांब ठेवली. बारीक लाकूड, मग जाड, मग कोळसा, आणि वर हात धरून आकडे मोजायचे, सहाच्या आत हात काढावा लागला तर आच जास्त. जावई फोनकडे बघून आकडा सांगायचा, मी हात धरून सांगायचो, दोन्ही जुळायचे. तिसऱ्यांदा जुळलं तेव्हा त्याने फोन खिशात टाकला आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. दहा वाजेपर्यंत असा वास सुटला की दाताचा डॉक्टर दोनदा उगाच मीठ मागायला आला. खाटीक म्हणाला, ‘यंदा आमचं काही खरं नाही, बक्षीस घरी न्यायला गाडी आणलीय ना?’ जावई लाजला. पोरीने माझी टोपी सरळ केली. धाकट्या, आपली भट्टी पाडल्यापासून मला एवढं बरं वाटलं नव्हतं, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं. आपल्या घरात बरं वाटलं की मागून काहीतरी येतंच.

ते स्टेजवरून आलं. तीन गिटारवाले, एक ड्रमवाला आणि एक बाई, जी माईक गिळेल की काय असं वाटायचं. गाणी सगळी रडकी. कोणीतरी सोडून गेलं, कोणीतरी येत नाही. (गेलं तर गेलं! त्याच्यापायी एवढी वीज कशाला जाळायची?) आमच्या मांडवामागे त्यांचा जनरेटर होता, तो घूंऽऽ करायचा, आणि त्यावर ड्रम, धप्प धप्प, मध्येच एक ठोका चुकलेला. पोरगी जावयाला म्हणाली, जरा पुढे जाऊन ऐकू या, बाबा आहेत की इथे. जावई म्हणाला, ‘जाऊ ना, बाबा? जाऊ?’ मी म्हटलं, जा एकदाचे. ते गेले. मी स्टुलावर बसलो, समोर गरम पिंप, पाठीमागे तो आवाज.

आपली भट्टी विटांची. तुला हे सांगायची गरज नाही, पण शनिवारपासून इतक्यांदा सांगावं लागलंय की तोंडात बसलंय. विटा तापेपर्यंत आग घालायची, मग निखारे सगळे ओढून बाहेर काढायचे, पाव आत, दार बंद, फटीला ओलं गोणपाट, आणि विटांच्या धगीवर भाजू द्यायचं. मी निखारे ओढायचो, तू पाव घालून दार लावायचास. तर धाकट्या, मी स्टुलावरून उठलो, जावयाचं फावडं घेतलं आणि पिंपातले निखारे एकूण एक ओढून लोखंडी बादलीत घातले, त्यावर पाणी मारलं, झाकण लावलं, गोणपाट भिजवून फटीला दाबलं आणि मांडीवर हात ठेवून बसलो. पिंप पत्र्याचं. पत्र्याला धग धरून ठेवता येते का? आपल्या शेजारच्या म्हशीलाही हे कळलं असतं. दहा मिनिटांत गार.

सवय आहे, दुसरं काही नाही. हात आपोआप चालले. असंच मी सगळ्यांना सांगितलंय.

दीड तास मी त्या गार पिंपाची राखण केली, आणि अगदी कडक केली, दाताच्या डॉक्टरला झाकणाजवळ फिरकू दिलं नाही. सुई बिचारी जावयाच्या खिशात ओरडत होती, पण पुढे ती बाई तिच्याहून मोठ्याने ओरडत होती. ते दोघं परत आले तेव्हा त्यांच्या मागोमाग परीक्षक आले. तिघं होते, एक घामाघूम, एक वहीवाला, आणि एक बाई जिच्या हातात स्वतःचा घरून आणलेला काटा होता. जावयाने फुलं काढून ठेवावीत तसं ते गोणपाट काढलं, ते का लावलंय ते त्याला कळेना, तरी हसत हसत काढलं. झाकण उघडलं. आत मांस पांढुरकं, थंड, वरून घाम आलेला. बाईने काट्याने एकदा टोचलं, काटा पुसला आणि पिशवीत ठेवला. वहीवाल्याने विचारलं, ‘ही काही वेगळी पद्धत आहे का?’ जावयाने झाकण पुन्हा लावलं. मग ते दाताच्या डॉक्टरकडे गेले. आम्हाला सजावटीचे चार गुण मिळाले, ते एप्रनचे असावेत.

जावई ओरडला असता तर बरं झालं असतं. मीही ओरडलो असतो, आवाजात मी त्याला ऐकत नाही. पण तो म्हणाला, ‘असू दे बाबा. असू दे.’ दोनदा, नेहमीसारखं. पोरीने बादलीतल्या भिजलेल्या निखाऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तुझी-माझी आई शेवटच्या दिवसांत दूध उतू गेल्यावर विनाकारण हसायची तेव्हा आपण तिच्याकडे जसं बघायचो, तसं तिने पाहिलं. ते बघणं मला ओळखता येतं, कारण ते आपण दोघांनी बघितलंय. घरी येताना गाडीत मांस माझ्या मांडीवर होतं. कोणी गाणी लावली नाहीत. संध्याकाळी चहाला गॅस पेटवायला गेलो तर काड्यापेटी जागेवर नव्हती.

असो. पत्र लांबलं. बायकोला गुडघ्याला शेक द्यायला सांग, मलमांवर विश्वास ठेवू नका. मी मजेत आहे.

तुझा,
थोरला

ता. क. भट्टी पाडली त्या दिवशी बेकरीच्या फाटकाशी सगळ्यांसमोर मी तुला म्हणालो होतो की मढ्याचा धूर विरला नाही आणि तू त्या बटणाच्या भट्टीशी दुसरं घर केलंस. ते मी मागे घेत नाही. पण फाटकाशी नको होतं म्हणायला.

ता. क. दोन. येताना एक काड्यापेटी आण. पोरीला दाखवू नकोस. (तुला बोलावलंय हे वर लिहायचं राहिलं. बुधवारी ये. पिंप बघायला आलो म्हण.)

ता. क. तीन. वर लिहिलं ती सवय नव्हती. तो जनरेटर आपल्या पीठ मळायच्या मशीनसारखा वाजत होता, पट्टा सैल व्हायचा तेव्हा वाजायचं तसा. मी निखारे ओढले आणि मागे न बघता ‘दार’ म्हणालो. तू दार लावेनास म्हणून तुला शिवीही दिली. झाकण मी नाही लावलं, खाटकाने लावलं. त्याला वाटलं म्हातारा मदत मागतोय. मी त्याला म्हणालो, धाकट्या, एवढा वेळ लागतो का? आणि तू तिथे होतास. पीठ लागलेल्या हातांचा. आवरताना त्याने हळूच विचारलं, ‘आजोबा, धाकटा कोण?’ तोपर्यंत मी भानावर आलो होतो. त्याने कोणाला सांगितलेलं नाही, मीही नाही. गुरुवारी डॉक्टर विचारेल आणि पोरगी समोर बसलेली असेल, मी खोटं बोलेन. म्हणून त्याआधी तू एकदा नीट बघ. तुला कळेल. मी बिघडलो असेन तर तोंडावर सांग, पोरीसारखं हळू आवाजात बोलू नकोस. तुझा तो बटणाचा पावही आण एक, त्याला नावं ठेवता आली की मी अजून शाबूत आहे असं धरू.

ता. क. चार. पत्र खाटकाकडे टाकायला देतोय, त्याचं दुकान आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच निघालं. पाकिटावर मी आधी आपल्या जुन्या बेकरीचा पत्ता लिहिला होता. ती आता नाही हे मीच त्याला सांगितलेलं, म्हणून त्यानेच दाखवलं. खोडलेलं तुला दिसेल. काड्यापेटी राहू दे. तू ये.